वॉकीटॉकीला वाली कोण?

"अरे, हातात मोबाईल असताना वॉकीटॉकी कशाला लागतो?" हा प्रश्न मला दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. विचारणारा बहुतेक वेळा माझ्याच जातकुळीतला असतो. इंजिनिअरिंग झालेला, ऐरोली नाहीतर हिंजवडीला बसणारा, दिवसभर स्क्रीनकडे बघणारा. त्याच्या लेखी वॉकीटॉकी म्हणजे मॉलमधल्या सिक्युरिटीवाल्याच्या कमरेला लटकणारं, सतत खरखरणारं काहीतरी. पेजर, फॅक्स आणि एसटीडी बूथ यांच्या पंगतीतलं.

मी बोईसरचा. डिग्री एक्स्टीसीची, नोकरी सॉफ्टवेअरची, आणि शनिवारी डहाणू लोकल पकडून घरी. आमच्याकडे हा प्रश्न विनोदी नाही, महागात पडणारा आहे. म्हणून या वीकांताला जरा भांडायचंच ठरवलंय. भांडण दोघांशी आहे. "मोबाईल आहे की" म्हणणाऱ्यांशी थोडं, आणि वॉकीटॉकी विकत घेऊन त्याची काहीच काळजी न घेणाऱ्यांशी पुष्कळ.

ज्यांनी विरारच्या पुढे कधी पाऊल टाकलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १ ऑगस्ट २०१४ ला ठाण्यातून फुटून पालघर जिल्हा झाला. त्यात बोईसर, त्याला चिकटून तारापूर एमआयडीसी, आणि समुद्राकडे १९६९ साली सुरू झालेलं तारापूर अणुऊर्जा केंद्र. एमआयडीसीत औषधं, रंग, रसायनं, कापड, स्टील असं सगळं बनतं. टोल्युइन, मिथेनॉल, ॲसिटोन ही नावं आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतात. आणि स्फोटाचा आवाजही. ८ मार्च २०१८ च्या रात्रीचा, ११ जानेवारी २०२० च्या संध्याकाळचा. ऑगस्ट २०२५ मध्ये एका औषध कारखान्यात वायुगळती होऊन चार कामगार गेले. या दुर्घटनांचा वॉकीटॉकीशी काही संबंध होता असं मी अजिबात म्हणत नाहीये, कृपया तसं वाचू नका. मुद्दा एवढाच, की ही जागा अशी आहे जिथे एका माणसाचा आवाज दुसऱ्या माणसापर्यंत दोन सेकंदांत पोचणं ही चैनीची गोष्ट नाही.

आता मोबाईलवाल्यांकडे वळू. तुम्ही व्हॉट्सॲपवर किंवा एखाद्या पुश-टू-टॉक ॲपवर "पंप बंद कर" म्हणालात की ते वाक्य तुमच्या फोनमधून टॉवरवर जातं, टॉवरवरून कंपनीच्या नेटवर्कमध्ये, तिथून कुठल्या तरी डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर, आणि तसंच उलटं फिरून पन्नास मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे. मधे किती कड्या झाल्या मोजा. वॉकीटॉकीत एकच कडी आहे : तुमची अँटेना आणि त्याची अँटेना. टॉवर नाही, सर्व्हर नाही, रिचार्ज नाही, "नेटवर्क बिझी" नाही. सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर या शब्दावर आपण मीटिंगांमधून तासन् तास बोलतो ना? मग हे वेगळं समजावून सांगायला नको.

२६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मोबाईल किती जणांचे लागत होते ते घरच्या मोठ्यांना विचारा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे छोटे छोटे धक्के सुरू झाले. जमीन हलली रे हलली की अख्खा तालुका एकाच वेळी फोन फिरवणार, यात नवल ते काय? संकटात सगळ्यात आधी कोलमडतं ते सगळ्यांचं मिळून असलेलं नेटवर्क. शिवाय सॉल्व्हंट हाताळतात त्या भागात साधा मोबाईल न्यायलाच बंदी असते (आणि ती पाळलीही पाहिजे). म्हणजे ज्या जागी निरोप सगळ्यात गरजेचा, तिथे तुमचा मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये. विषय संपला.

आणि कारखान्यात यूएचएफच का? रेल्वेच्या गार्डाकडे (आता ट्रेन मॅनेजर म्हणायचं) आणि सातपाटीच्या बोटींवर असतो तो व्हीएचएफ. दीडशे मेगाहर्ट्झच्या आसपास, लाट साधारण दोन मीटर लांबीची, मोकळ्या जागेत मस्त. ४५० मेगाहर्ट्झची लाट मात्र ६७ सेंटिमीटरची. ती खिडक्यांतून, दरवाज्यांतून, पाइपांच्या जंजाळातल्या फटींतून जास्त सहज वाट काढते. म्हणून भिंती आणि लोखंड असेल तिथे यूएचएफ. पण ही काही जादू नव्हे. खोक्यावर "रेंज १० किलोमीटर" छापलेलं असतं ते सपाट मैदानात, मधे काडीचाही अडथळा नसताना. दोन रिॲक्टर आणि एक जिना मधे आला की त्या दहाचे दोनशे मीटर होतात. कुठे होतात हे कागदावर कळत नाही. सेट घेऊन प्लँटचा प्रत्येक कोपरा चालावा लागतो.

इथून माझं खरं भांडण सुरू होतं. कारण हे चालण्याचं काम कुणीच करत नाही.

गेल्या वर्षी एका युनिटमध्ये (नाव घेत नाही) ओळखीच्या काकांबरोबर जायचा योग आला. कंट्रोल रूममध्ये चार्जरची रांग होती आणि त्यात डझनभर सेट. बघून बरं वाटलं. मग जवळ गेलो. एकाची बॅटरी रबरबँडने बांधलेली. दोघांच्या अँटेनाला इन्सुलेशन टेप. बऱ्याच जणांचं बाजूचं रबरी झाकण गायब. आणि चार्जर खिडकीत, थेट उन्हात. "यातले चालतात किती?" म्हणून विचारलं. काका हसून म्हणाले, "तीन. ते तीन कुठले ते ज्याला माहीत असतं तो शिफ्टच्या सुरुवातीलाच उचलतो."

त्याच भिंतीवर आग विझवायचा सिलिंडर होता. त्याला टॅग. टॅगवर तपासणीची तारीख, पुढची तारीख, सही. म्हणजे बघा, आग विझवायच्या सिलिंडरला वाली आहे. पण "आग लागली, सिलिंडर घेऊन ये" हे ज्याच्यावरून सांगायचं, त्याला वाली नाही. हा प्रकार फक्त त्याच युनिटमध्ये आहे असं समजू नका. तुम्हाला माहीत असलेल्या कुठल्याही ठिकाणी जाऊन बघा.

बॅटरीचंच घ्या. जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांना पूर्ण उतरवून मग चार्ज करायची सवय लागायची. त्या जाऊन लिथियम-आयन आल्या त्याला जमाना झाला, पण "पार उतरू दे, मग लाव" हा मंत्र शिफ्टमागून शिफ्ट चालूच आहे. लिथियमला नेमकं तेच मारक. पार उतरवणंही वाईट आणि उन्हात तापत पूर्ण चार्जवर दिवसच्या दिवस पडून राहणंही वाईट. अशी बॅटरी वर्ष-दीड वर्षात आतून म्हातारी होते. आणि तिचं म्हातारपण फसवं असतं. ऐकायला सेटला अगदी थोडा करंट लागतो, पण चार वॅटने बोलायला दीड अँपिअरच्या आसपास लागतो. म्हातारी बॅटरी ऐकण्यापुरती ठणठणीत असते. बटण दाबलं की व्होल्टेज कोसळतं आणि सेट बंद. म्हणजे टाकीवर चढलेल्या माणसाला खालचं सगळं ऐकू येतं, उत्तर मात्र देता येत नाही. आणि खालच्यांना वाटतं, हा गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. आपल्या धंद्यात सर्व्हर गप्प झाला तर पाच मिनिटांत कुणाचा तरी फोन वाजतो. इथे माणूस गप्प झाला तरी कुणाला काही वाजत नाही.

दुसरं, झाकण. पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत सेट वाचतो तो त्या इअरफोनच्या भोकावरच्या रबरी झाकणामुळे. पाण्याधुळीपासून संरक्षणाचं जे रेटिंग सेटवर छापलेलं असतं, ते झाकण जागेवर असेल तरच खरं. झाकण गेलं की आमच्या किनाऱ्यावरची हवा आतल्या पिनांवर हिरवा थर चढवते. चार्जिंगच्या पट्ट्यांचंही तेच. आठवड्यातून एकदा कोरड्या फडक्याने पुसायचं, थर असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा. पाच मिनिटांचं काम. पण कुणाचं? इथेच घोडं पेंड खातं.

तिसरं, अँटेना. ती मूठ नाही, तिला धरून सेट गरगर फिरवायचा नसतो. आणि अँटेना नसताना बटण दाबायचं नसतं. बाहेर पडायची ती ताकद उलटी आत येते आणि शेवटचा ट्रान्झिस्टर जाळू शकते. मोडलेल्या अँटेनाला टेप गुंडाळून सेट "चालतोय" म्हणणारे महाभाग फक्त एवढंच सिद्ध करतात की समोरचा माणूस अजून लांब गेलेला नाही.

आता सगळ्यात गंभीर मुद्दा. ज्वालाग्राही वाफ असू शकते अशा जागी न्यायचा सेट "इंट्रिन्सिकली सेफ" लागतो. म्हणजे त्याची बांधणीच अशी की आत बिघाड झाला तरी ठिणगीत किंवा उष्णतेत ती वाफ पेटवण्याइतकी ऊर्जा येऊ नये. आपल्याकडे अशा उपकरणांना मान्यता देणारी संस्था म्हणजे पेसो, मुख्यालय नागपूरला. ही मान्यता सेट आणि बॅटरी अशा जोडीला असते. मूळ बॅटरी संपली म्हणून ऑनलाइन मिळणारी स्वस्तातली बॅटरी बसवली, की सेट वरून दिसायला तोच, मान्यता शून्य. बाजारातल्या मोबाईलवाल्याकडे उघडून सोल्डर मारून आणला, तरी शून्य. आणि मान्यताप्राप्त सेटचीसुद्धा बॅटरी त्या भागात उभं राहून बदलायची नसते, बाहेर येऊन बदलायची.

हे किती जणांना सांगितलेलं असतं? त्यातल्या कंत्राटी कामगारांपैकी किती जणांना? जो माणूस परवा भरती झाला, उद्या दुसऱ्या कंत्राटदाराकडे जाणार आहे, त्याच्या हातात दोन हजारांचा सेट देऊन "चॅनल तीन" एवढंच सांगायचं आणि मिथेनॉलच्या ड्रमांकडे पाठवायचं, याला मी काटकसर म्हणत नाही. काय म्हणतो ते ब्लॉगवर लिहिता येणार नाही.

त्या दोन हजारांच्या सेटची आणखी एक गंमत. भारतात परवान्याशिवाय वापरता येतो तो पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ, तोही कमी ताकदीच्या, मान्यताप्राप्त सेटसाठी. बाकी ठिकाणी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी विभागाचा परवाना लागतो. ऑनलाइन मिळणारे कित्येक सेट ४०० ते ४७० पर्यंत वाट्टेल तिथे बोलतात, आणि खोक्यावर यातलं अवाक्षर नसतं. हे इतकं बोकाळलं की मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि वॉकीटॉकी विक्रीसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वंच जारी केली.

आणि परवानामुक्त पट्ट्यात गेलात तरी गर्दी आहेच. २०० किलोहर्ट्झमध्ये साडेबारा किलोहर्ट्झचे चॅनल बसतात फक्त सोळा. शेजारचं युनिट, पलीकडचं गोदाम, लग्नाच्या हॉलचा मॅनेजर, सगळे त्याच सोळात. कुणीतरी "पंप चालू कर" म्हणतं आणि तुमचा ऑपरेटर उठून पंप चालू करतो, असं व्हायला कितीसा वेळ लागतो? यावर सेट विकणारे "प्रायव्हसी कोड" म्हणून एक गोष्ट विकतात. तो कोड म्हणजे फक्त तुमच्या कानात घातलेला बोळा. दुसऱ्यांचं तुम्हाला ऐकू येत नाही, एवढंच. तुमचं त्यांना ऐकू जाऊ शकतं, आणि दोघे एकदम बोललात की दोघांचंही वाया. म्हणून बोलण्याआधी मॉनिटरचं बटण दाबून चॅनल रिकामा आहे का ते ऐकायचं असतं. ते बटण कशासाठी आहे हे माहीत असलेला माणूस मला अजून भेटायचाय.

बोलण्याचंही एक शास्त्र आहे, आणि ते आपल्या भाषांशी जोडलेलं आहे. बटण दाबल्यावर सेटला हवेत यायला क्षणभर लागतो. तेवढं न थांबता बोललं की पहिला शब्द खाल्ला जातो. आमच्या प्लँटांमधून हिंदी चालते, कारण माणसं उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाची. आता "मत खोलो" मधला पहिला शब्द खा. काय उरलं? "खोलो."

मराठीत नकार शेवटी येतो, म्हणून आपण सुरक्षित असं वाटत असेल तर थांबा. घाईत वाक्य संपायच्या आत बटण सोडायची सवय सगळ्यांनाच असते. "उघडू नको" चा शेवट खाल्ला की उरतं "उघडू..." आणि पुढचं ऐकणारा आपल्या मनाने भरतो. एका भाषेला सुरुवात मारते, दुसरीला शेवट. उपाय फुकट आहे : नकारात बोलायचंच नाही. "उघडू नको" ऐवजी "बंद ठेव". बटण दाब, एक सेकंद थांब, तोंडापासून चार बोटं अंतरावर धरून साध्या आवाजात बोल, वाक्य संपल्यावर सोड. ऐकणाऱ्याने वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं : "बंद ठेवतो." नुसतं "ओके" नाही. "ओके" हे उत्तर नव्हे, तो फक्त आवाज आहे.

एक सूचना इंजिनिअर मित्रांसाठी. नियंत्रण पॅनलला खेटून चार वॅटचा सेट दाबू नका. आदर्श अँटेना धरली तर एक मीटरवर साधारण १४ व्होल्ट प्रति मीटर इतकं क्षेत्र तयार होतं. अँटेना ठेंगणी असल्याने प्रत्यक्षात कमी भरेल, पण अर्ध्या मीटरवर गेलात की आकडा पुन्हा दुप्पट. औद्योगिक उपकरणांची नेहमीची चाचणी १० व्होल्ट प्रति मीटरला होते. रिले आणि सेन्सरच्या खोलीबाहेर "इथे वॉकीटॉकी वापरू नये" ही पाटी उगाच नसते. पॅनलचं दार उघडं ठेवून आत तोंड घालून "हॅलो हॅलो" करणाऱ्याने मग खोटा अलार्म आला म्हणून इन्स्ट्रुमेंटवाल्याला शिव्या घालू नयेत.

यावर येणारी उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं, "खर्च परवडत नाही." मान्य, इंट्रिन्सिकली सेफ सेट कित्येक पटींनी महाग असतो आणि लहान युनिटवाल्याचं मार्जिन किती असतं ते मीही ऐकतो. पण मग तो तिथे लागतो तिथेच घ्या, गेटवरच्या वॉचमनला साधा द्या. आणि पुसणं, तारीख लिहिणं, एक सेकंद थांबणं याला किती खर्च येतो? दुसरं, "कामगारच सेट फेकतात, तोडतात." फेकत असतीलही. ज्या वस्तूवर कुणाचंच नाव नाही ती वस्तू जगात सगळीकडे अशीच वापरली जाते. आपल्या हापिसातल्या पँट्रीतला मायक्रोवेव्ह उघडून बघा, मग कामगारांना नावं ठेवा.

तर माझ्या मागण्या, अगदी साध्या :

१. प्रत्येक सेटला नंबर, आणि आगीच्या सिलिंडरसारखाच टॅग. त्यावर तपासणीची तारीख आणि सही. सहीखाली माणसाचं नाव, "मेंटेनन्स डिपार्टमेंट" नाही.

२. बॅटरीवर वापरात आल्याची तारीख मार्करने. बोलताना मान टाकणारी बॅटरी त्याच दिवशी बाद. "ऐकायला चालते" हे कारण चालणार नाही.

३. शिफ्ट सुरू होताना रेडिओ चेक, आणि तो कंट्रोल रूममध्ये एकमेकांच्या तोंडाकडे बघत नाही. प्लँटच्या सगळ्यात वाईट कोपऱ्यातून.

४. सहा महिन्यांतून एकदा ताकद, फ्रिक्वेन्सी आणि अँटेना मीटर लावून तपासणं. आमच्याकडे जूनच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा.

५. नव्या माणसाला, कंत्राटी असला तरी, अर्धा तास शिकवणं. त्याच्या भाषेत. सेट त्याच्या हातात देऊन.

६. नकार न वापरता हुकूम आणि हुकूम परत म्हणणं, हे सुरक्षा नियमांत लिहिलेलं असणं.

यात एकही नवीन तंत्रज्ञान नाही, हे लक्षात आलं का? डॅशबोर्ड नाही, क्लाउड नाही, एआय तर नाहीच नाही. म्हणूनच हे होत नाही. नवीन वस्तू घेतली की फोटो निघतो, फीत कापली जाते. असलेली वस्तू पुसून ठेवली तर कुणी फोटो काढत नाही. आपल्या धंद्यातही नवीन फीचर लिहिणाऱ्याचं कौतुक होतं, बॅकअप खरंच परत येतो का ते तपासणाऱ्याला अप्रेझलमध्ये कुणी विचारत नाही. रोग एकच आहे. फक्त आपल्याकडे वेबसाइट बंद पडते, आमच्या एमआयडीसीत माणूस टाकीवर उभा असतो.

तुमच्यापैकी बरेच जण कधीच कुठल्या प्लँटमध्ये जाणार नाहीत. ठीक आहे. सोसायटीच्या गेटपर्यंत तर जाता? आज खाली उतराल तेव्हा वॉचमनकाकांच्या हातातला सेट बघा. झाकण आहे का, बॅटरी घट्ट बसते का, पार्किंगच्या तळघरातून गेटवर आवाज पोचतो का, एवढं त्यांनाच विचारा. ते सांगतील, कारण याआधी त्यांना हे कुणी विचारलेलं नसणार. पोचत नसेल तर पुढच्या मीटिंगला विषय काढा, आणि "बघू" हे उत्तर ऐकून खाली बसू नका. कोण बघणार आणि कधी बघणार, ते नाव आणि तारीख लिहून घ्या.